वारीच्या रात्रीपुरतं शुद्ध पाणी

संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते, पुण्यातला मुक्काम आटोपून सोलापूर रस्त्याला लागते आणि हडपसर मागे टाकून लोणी काळभोरला उतरते. त्या एका रात्री गावात माणूस मावत नाही. ते ठाऊक असल्यामुळे आरोग्य विभाग आणि ग्रामपंचायत पालखीच्या आधीच पाण्याच्या मागे लागतात. वाटेवरच्या विहिरी, बोअर, टाक्या, हॉटेलांची पिंपं यांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. टँकर कुठून भरायचे ते ठरतं. विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, पडते आणि नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन पोचतो का, हे 'ओटी टेस्ट' करून बघितलं जातं. पालखी यवतकडे निघाली की ही यंत्रणाही पुढच्या मुक्कामाला जाते.

पिण्याच्या पाण्याचा आणि आरोग्याचा आढावा घ्यायला लोणी काळभोर सोयीचं गाव आहे, ते या कारणानं. हे गाव पुण्याच्या खालच्या अंगाला, नदी आणि कालव्याच्या पट्ट्यात आहे. इथे उसाचं शिवार आहे, तेलाचे डेपो आहेत, विद्यापीठ आहे, मोठं रुग्णालय आहे, पण गाव महापालिकेत नाही. लाखो पाहुण्यांसाठी एका रात्रीपुरतं पाणी निर्धोक ठेवण्याची रीत इथल्या यंत्रणेला पाठ आहे. त्यामुळे हे जमतं का, हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो एवढाच, की वारीच्या रात्री जे होतं ते वर्षभर का होत नाही, आणि त्याचा हिशेब कुणाकडे मागायचा.

पटकीपासून सुरुवात

पालखीच्या वाटेवरचं पाणी तपासण्याची ही शिस्त भीतीतून आली. १८१७ मध्ये बंगालात उसळलेली पटकीची साथ पुढच्याच वर्षी दख्खनेत उतरली. पुढे शतकभर पंढरपूरच्या यात्रेवर इंग्रज सरकारच्या आरोग्य अधिकाऱ्यांची नजर राहिली, कारण यात्रेत पसरलेला आजार घरी परतणाऱ्यांबरोबर गावोगाव पोचायचा. माणसं सकाळी धडधाकट असायची आणि रात्रीपर्यंत अंगातलं पाणी संपून जायची. गावांकडे उपाय होता तो मरीआईचा. देवीचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे रोगराई आपल्या गावातून गेली. ती पुढच्या गावाच्या शिवेत गेली, हे त्या गावानं बघायचं.

लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडले आणि पटकी हवेतून नव्हे, पाण्यातून पसरते हे दाखवलं. रॉबर्ट कॉख यांना १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात तिचे जंतू सापडले. हे जंतू आतड्याला पाणी का सोडायला लावतात, ते कोडं कलकत्त्यातच शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सोडवलं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवता येतात हे हजारो रुग्णांवर दाखवून दिलं. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारं ओआरएसचं पाकीट त्या छावणीशी नातं सांगतं.

या सगळ्या शोधांचा एक अर्थ वारीच्या वाटेवर प्रत्यक्षात उतरला. यात्रेकरूंना पटकीची लस टोचण्यावर एकेकाळी मोठा भर असे. ती जुनी लस थोडे दिवस आणि अर्धवटच संरक्षण देते, हे कळल्यावर १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रवाशांवरची तिची सक्ती काढून टाकली. वाटेवर टिकली ती क्लोरीनची भुकटी. गेल्या दशकात 'निर्मल वारी'च्या फिरत्या शौचालयांची जोड तिला मिळाली. मैला पाण्यात जाऊ द्यायचा नाही आणि गेलाच तर पाणी निर्जंतुक करायचं, हे दोन्ही जिथे एकत्र झालं तिथे पटकी हटली. यातलं पहिलं काम जास्त महत्त्वाचं. नेमकं तिथेच लोणी काळभोरचं पाणी अडतं.

शहराच्या खालच्या अंगाला

पुण्याचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून येतं. चारही धरणं भरली की साठा सुमारे २९ टीएमसी होतो. एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर. या साठ्यावर शहराचा हक्क आहे आणि नव्या मुठा उजव्या कालव्यावरच्या हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीचाही. शहर वाढलं तसा त्याचा वाटा वाढत गेला. शेतीचं पाणी भरून देण्यासाठी तडजोड निघाली, की महापालिकेनं सुमारे साडेसहा टीएमसी सांडपाणी प्रक्रिया करून शेतीला परत द्यावं. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधली. तिथून बंधाऱ्यातलं नदीचं पाणी उचलून साडेसतरानळीजवळ जुन्या कालव्यात सोडतात. लोक त्याला 'बेबी कालवा' म्हणतात. हाच कालवा लोणी काळभोर, उरुळी कांचनच्या शिवारातून यवतकडे जातो.

कागदावर ही तडजोड शहाणपणाची आहे. वापरलेलं पाणी नीट शुद्ध करून शेतीला देणं जगभर केलं जातं. पण मुंढव्याला उचललं जाणारं पाणी हे नदीचं पाणी. त्यात प्रक्रिया झालेलं सांडपाणी असतं तसं न झालेलंही असतं. शहरातला सगळा मैला शुद्धीकरण केंद्रांपर्यंत पोचत नाही, म्हणून तर जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून सुमारे ९९० कोटी रुपयांची मुळा-मुठा प्रदूषण निर्मूलन योजना २०१६ मध्ये मंजूर झाली. दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ केंद्रं बांधायचं त्यात ठरलं आणि बांधकामाला पुढची कित्येक वर्षं लागली. दरम्यान खालच्या गावांच्या वाट्याला फेस, वास आणि काठाकाठानं साचलेली जलपर्णी आली.

कालव्याचं पाणी कुणी थेट पीत नाही, मग पिण्याच्या पाण्याशी त्याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध जमिनीखालून आहे. हा सगळा पट्टा बेसाल्ट खडकाचा. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला पाषाण. कालव्याला आवर्तन सुटलं की काठच्या विहिरींची पातळी चढते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जे पाणी विहीर भरतं तेच आपल्याबरोबर जे आणायचं ते आणतं. वाळूच्या थरातून पाणी सावकाश झिरपतं, त्यामुळे जंतू बरेच गाळले जातात. बेसाल्टच्या भेगांतून ते झपाट्यानं पळतं, तिथे ती गाळणी मिळत नाही. त्यातच ड्रेनेज नसलेल्या वस्त्या वाढत गेल्या, इमारतीगणिक सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आला आणि त्यांच्याच जवळपास बोअर घेतले गेले.

कचऱ्याचंही तेच झालं. लोणीपासून जवळच फुरसुंगी-उरुळी देवाची इथे तीन दशकांहून अधिक काळ पुण्याचा कचरा पडला. त्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यानं भोवतीच्या विहिरी बिघडल्या आणि ज्या गावांना स्वतःच्या विहिरी होत्या त्यांना टँकरची वाट बघायची वेळ आली. शहर आपली घाण नाहीशी करत नाही, ती शिवेबाहेर नेऊन सोडतं. मरीआईच्या गाड्याची रीत शहरानं अजून सोडलेली नाही, वाजंत्री तेवढी नाही.

मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमेचं पाणी उजनी धरणात साठतं. सोलापूर शहर ते पितं. उजनीच्या खाली हीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे वारकरी ज्या दिशेनं चालतात त्याच दिशेनं पुण्याचं सांडपाणीही वाहतं आणि दोघांचा शेवट एकाच वाळवंटात होतो. लोणी काळभोर या वाटेवरचा एक मुक्काम आहे, दोन्ही अर्थांनी.

पाण्यात काय असतं आणि ते काय करतं

पाण्यातून होणाऱ्या आजारांचे ढोबळ दोन गट पडतात. पहिला जंतूंचा. पटकी, हगवण, विषमज्वर, 'अ' आणि 'ई' प्रकारची कावीळ, रोटाव्हायरसचे जुलाब आणि गिआर्डियासारखे आतड्यातले परजीवी यात येतात. या सगळ्यांचं मूळ बहुतेक वेळा माणसाच्या विष्ठेत असतं. म्हणून प्रयोगशाळा प्रत्येक जंतू वेगळा शोधत बसत नाही, ती ई-कोलाय शोधते. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारा हा जंतू पाण्यात सापडला, तर मैल्याला वाट सापडली आहे असं समजायचं. भारतीय मानक १०५०० नुसार १०० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात तो एकही असता कामा नये.

जुलाब म्हटलं की आपण दोन दिवसांचा त्रास समजतो. लहान मुलाच्या बाबतीत तसं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं अतिसारानं दगावतात. जी वाचतात त्यांच्यातल्या अनेकांना वारंवार संसर्ग होत राहतो, आतड्याचं अस्तर खराब होतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. अशा मुलाला खायला कमी पडतं की त्याचं पाणी वाईट आहे, हे वजनकाट्यावर उभं करून कळत नाही.

काविळीच्या बाबतीत आपल्याकडचा अनुभव शिकण्यासारखा आहे. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेत मैलापाणी मिसळून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. धोका लक्षात आल्यावर पाण्यातला क्लोरीन वाढवला होता. त्यामुळे विषमज्वर आणि हगवण वाढली नाही, पण काविळीचा विषाणू निसटला. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने १९८० मध्ये तपासले तेव्हा ती ना 'अ' प्रकारची निघाली ना 'ब'. त्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे संशोधक होते. पुढे या विषाणूला 'ई' हे नाव मिळालं. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत ही कावीळ झाली तर जिवावर बेतण्याचा धोका मोठा असतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत, पंचगंगेच्या काठावर, हिचीच साथ आली, हजारो लोक आजारी पडले आणि माणसं दगावली. पाण्यात मैला मिसळत राहिला तर केवळ क्लोरीनच्या भरवशावर राहता येत नाही, हा दिल्लीचा धडा साडेपाच दशकांनी महाराष्ट्राला पुन्हा गिरवावा लागला.

दुसरा गट रसायनांचा. यात ताप येत नाही, उलटी होत नाही, त्यामुळे बोंबही होत नाही. उसाला टाकलेला युरिया आणि सेप्टिक टँकची गळती यांमुळे विहिरीत नायट्रेट वाढतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ती ओलांडलेल्या पाण्यात बाळाचं वरचं दूध कालवलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडू शकतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९४५ मध्ये डॉ. कॉमली यांनी विहिरीच्या पाण्याशी त्याचा संबंध पहिल्यांदा जोडला. चंद्रपूर-यवतमाळ भागात प्रश्न फ्लोराइडचा आहे, दात डागाळतात आणि हाडं वाकतात. अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात प्रश्न क्षारांचा आहे. तेव्हा 'शुद्ध पाणी' म्हणताना कुठल्या गावचं आणि कशापासून शुद्ध, हे आधी विचारावं लागतं.

कारण उपाय त्यावर ठरतो. पाणी खळखळून उकळलं तर जंतू मरतात, नायट्रेट मात्र पाणी आटल्यामुळे उलट दाट होतं. टीसीएल जंतूंना मारतं, पण क्षारांना आणि रसायनांना हात लावत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीपुढे ते लंगडं पडतं. तुरटी गढूळपणा खाली बसवते. आरओ क्षार आणि नायट्रेट काढतं, पण पडदा वेळेवर बदलला नाही किंवा नंतरची टाकी अस्वच्छ असली तर जंतूंची सोय होते. एकच यंत्र सगळ्यांना पुरं पडेल, ही जाहिरातीतली गोष्ट आहे.

पाण्यानं नेमका किती फरक पडतो

हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. १९८० च्या दशकापासून झालेल्या आढाव्यांतून काही संशोधकांनी असं मांडलं, की पाण्याच्या शुद्धतेपेक्षा ते भरपूर मिळणं, हात धुणं आणि शौचालय यांचा परिणाम मोठा असतो. यामागे तथ्य आहे. जिला दोन हंड्यांत घर चालवायचं आहे, ती बाई पोराचे हात साबणानं धुऊन घेणार कधी? २०१८ मध्ये बांगलादेश आणि केनियातल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. पाणी, शौचालय, हात धुणं यांतल्या साध्या घरगुती उपायांनी मुलांची उंची वाढल्याचं दिसलं नाही. अनेकांनी त्याचा अर्थ 'पाण्यानं काही होत नाही' असा लावला.

तो घाईचा अर्थ होता. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी शुद्धीकरणाच्या अनेक चाचण्या एकत्र करून बालमृत्यूंकडे पाहिलं. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशानं घटतात, असा त्यांचा अंदाज निघाला. इतक्या कमी खर्चात इतके जीव वाचवणारे उपाय फार थोडे आहेत. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले तर चित्र स्पष्ट होतं. घरातल्या घरात थेंब टाकून किंवा गाळून मुलाचा जीव वाचू शकतो, पण भोवतीचा उकिरडा, गटार आणि बिघडलेली विहीर तशीच असेल तर त्याची वाढ सुधारत नाही. त्यासाठी गावाचंच पाणी बदलावं लागतं.

धरणाजवळही सुरक्षित नाही

लोणी काळभोर शहराच्या खाली आहे म्हणून त्याच्या वाट्याला हे आलं, वरच्या गावांचं पाणी तरी चांगलं असेल, असं वाटू शकतं. जानेवारी २०२५ मध्ये तो समज गेला. खडकवासला धरणाच्या जवळ, सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकिटवाडी, धायरी भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतातंतूंवर उलटते, हातापायांतली ताकद जाते आणि काहींना व्हेंटिलेटर लागतो. आधी जुलाब, मग लुळेपणा, असा बऱ्याच रुग्णांचा क्रम होता. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मांसातून तो पोटात जातो. काही आठवड्यांत रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली आणि काहींचा मृत्यू झाला.

यातली नांदेड आणि किरकिटवाडी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी होती. शहराचा पत्ता मिळाला, पण शहरासारखं पूर्ण प्रक्रिया केलेलं पाणी सगळीकडे पोचलं नव्हतं. विहिरीत साठवायचं, ब्लीचिंग टाकायचं आणि सोडायचं, ही ग्रामपंचायतीच्या काळातली रीत चालू होती. वस्ती मात्र सोसायट्यांची झाली होती. लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, थेऊर या गावांनी या साथीकडे आपलं उद्या म्हणून बघायला हवं. गाव आणि शहर यांच्या मधल्या या अवस्थेत लोकसंख्या शहराची असते आणि जलवाहिनी गावाची. सर्वांत मोठी जोखीम तिथेच असते.

एरवीच्या दिवसांची व्यवस्था

व्यवस्था नाही असं नाही. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि जोखमीनुसार लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड टिकवलं आणि साथ आली नाही, तर चंदेरी कार्ड. गावात जलसुरक्षक असतो. टीसीएल टाकणं, नोंद ठेवणं, नमुने पाठवणं हे त्याचं काम. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं तेव्हा माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं देण्याचं ठरलं आणि गावातल्या पाच बायकांना तपासणी संच वापरायला शिकवायचंही ठरलं. जंतू आहेत का हे बघायला हायड्रोजन सल्फाइडची छोटी बाटली मिळते. पाणी भरून ठेवलं आणि ते काळं पडलं की ते पिण्याजोगं नाही. ही स्वस्त तपासणी १९८२ मध्ये आपल्याच देशातल्या संशोधकांनी काढली.

अडचण रोजच्या कामात आहे. २० हजार वस्तीचं एखादं गाव धरलं तर माणशी ५५ लिटरप्रमाणे रोज ११ लाख लिटर पाणी लागतं. स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम चांगलं टीसीएल पुरतं, म्हणजे दिवसाला पावणेतीन किलो. पाणी गढूळ किंवा मैल्यानं बिघडलेलं असेल तर जास्त. तरीही हा खर्च ग्रामपंचायतीला जड नाही. पण टीसीएल ताजं असतं तेव्हा त्यात ३३ टक्के क्लोरीन असतो, आणि ओलसर खोलीत उघड्या पोत्यात ठेवलं की तो उडून जातो. मग पावडर टाकल्याची नोंद वहीत राहते आणि पाण्यात क्लोरीन राहत नाही. पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास पाणी थांबवायचं असतं. पाणी उशिरा आलं आणि लोक ओरडायला लागले की हाच अर्धा तास वाचवला जातो.

त्याच्या पुढे जलवाहिनी. दिवसाआड तासभर पाणी सुटणाऱ्या गावात उरलेला वेळ नळी रिकामी असते. गटाराशेजारून जाणाऱ्या त्या नळीला कुठे चीर असली, की दाब गेल्यावर बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी सुटल्यावर पहिल्या हंड्यात ती घरात येते. त्यातून लोक घरोघरी टाक्या आणि पिंपं भरून ठेवतात, साठवलेल्या पाण्यात हात बुडतो. कऱ्हाडजवळच्या मलकापूरनं मीटर बसवून चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली तेव्हा राज्यभर त्याचं कौतुक सोयीसाठी झालं. सतत दाब असणारी नळी बाहेरची घाण आत घेत नाही, हा त्यातला आरोग्याचा फायदा. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेचं मूळही त्याच विचारात आहे.

जार आणि आरओ

नळावरचा विश्वास गेला की माणूस पैसे काढतो. सोलापूर रस्त्यावर आज लग्नाच्या मांडवात, दुकानात, दवाखान्यात थंड पाण्याचा २० लिटरचा जार असतो. गावोगाव नाणं टाकून पाणी देणारी यंत्रं आहेत. सीलबंद बाटलीच्या पाण्याला मानक आहे, परवाना आहे. मोकळ्या तोंडाचा जार त्या चौकटीबाहेर राहतो. त्यात कोणत्या बोअरचं पाणी आहे, जार कधी धुतला, याची विचारणा कुणी करत नाही. पाणी थंड आहे आणि चव गोड लागते, एवढ्यावर ते 'फिल्टरचं' ठरतं. चव क्षारांची असते, जंतूंना चव नसते.

घरातल्या आरओचा हिशेबही मांडायला हवा. साधं यंत्र जेवढं पाणी देतं त्याहून जास्त पाणी सांडपाण्यात सोडतं. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर त्याची गरज नाही, अशी भूमिका राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये घेतली. पण याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. ज्याच्या घरात आरओ आला तो ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न विचारायचा थांबतो. सरपंच, सदस्य, डॉक्टर, शिक्षक, सोसायटीचा अध्यक्ष, म्हणजे ज्यांचा आवाज ऐकला जातो अशी सगळी माणसं नळाच्या पाण्यापासून सुटतात. मग त्या नळावर शेतमजूर, वीटभट्टीवरचं कुटुंब, भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार उरतो. त्याचं पोर आजारी पडलं तर त्याचा दिवसाचा रोज बुडतो आणि दवाखान्याचं बिल होतं. यंत्र एका घराला शुद्ध पाणी देतं आणि गावाच्या पाण्याचा एक पाठीराखा कमी करतं.

मागणी कुणाकडे आणि कसली

जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाण्याचा हक्क येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात म्हटलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २८ जुलै २०१० ला पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला. जलप्रदूषण रोखणारा कायदा १९७४ पासून आहे. कायदे कमी पडलेत असं म्हणता येत नाही. कमी पडते ती रोजची, गावाला दिसेल अशी नोंद.

ग्रामपंचायतीकडे मागायची गोष्ट छोटी आहे. आज टीसीएल किती वाजता टाकलं आणि नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन किती सापडला, हे दोन आकडे रोज चावडीसमोरच्या फळ्यावर लिहावेत. मानकानुसार तो किमान लिटरला ०.२ मिलिग्रॅम असला पाहिजे. प्रयोगशाळेचा अहवाल आला की तोही तिथेच लावावा, नमुना नापास झाला असेल तर आधी लावावा. टीसीएलच्या पोत्यावरची तारीख कुणालाही बघता यावी. बोअर आणि शोषखड्डा यांत अंतर किती, हे नव्या इमारतीला परवानगी देताना मोजावं.

महापालिकेकडे मागायची गोष्ट मोठी आहे, पण तीही मोजता येण्याजोगी आहे. मुंढव्याला उचलून कालव्यात जे पाणी सोडलं जातं त्याची तपासणी रोज व्हावी आणि तिचे आकडे पुण्याच्या नव्हे, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवतच्या ग्रामपंचायतींच्या हातात पडावेत. पाणी मानकात बसत नसेल त्या दिवशी पंप बंद ठेवण्याचा अधिकार खालच्या गावांचे प्रतिनिधी असलेल्या समितीकडे असावा. कालवाकाठच्या विहिरींची तपासणी आणि बिघडलेल्या विहिरीच्या गावाला पर्यायी पाणी, याचा खर्च ज्यानं सांडपाणी सोडलं त्यानं द्यावा. शहरानं गोड्या पाण्याचा वाटा घेतला तो करारानं. परत काय द्यायचं हेही करारातच आहे. ते कोणत्या प्रतीचं आहे, हे तपासण्याचा हक्क घेणाऱ्याचा आहे.

वारीच्या आधी जिल्हाधिकारी बैठक घेतात, तारीख ठरते, कोणत्या स्रोताची जबाबदारी कुणाची ते नावानिशी लिहिलं जातं आणि म्हणून काम होतं. वर्षातल्या बाकीच्या दिवसांना असा कागद नाही. लोणी काळभोरच्या ग्रामसभेनं पहिला ठराव करायचा तर तो या कागदाचा करावा: पालखीच्या मुक्कामासाठी जे वेळापत्रक आणि जी नावं लागतात, तीच आठवड्याला एकदा, वर्षभर. त्यासाठी नवा निधी लागत नाही, नवी योजनाही लागत नाही. पाहुण्यासाठी जे पाणी तपासून ठेवतो तेच घरच्या पोराला द्यायचं, एवढं गावानं ठरवावं लागतं.